गिरणीच्या दारात घालवलेला आवाज

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांसाठी आमच्या परळच्या चाळीत कलापथक उभं राहिलं, तेव्हा पोवाडा मीच लिहिला आणि मीच म्हणणार होतो. शिकवायला होते चाळीतले मामा, साताऱ्याकडचे, गिरणीच्या साचेखात्यातले, म्हणजे मागांवरचे, जुने विणकर.

तीन आठवडे त्यांनी पोवाड्याचा एक शब्द तोंडातून काढू दिला नाही. पोटावर तळहात ठेवायचा, श्वास घ्यायचा आणि 'आ' धरायचा. मी चिडलो. "मामा, माणसं तुरुंगात जातायत आणि आपण इथं 'आ' करत बसलोय."

"वरडू नगंस," ते म्हणाले. "साचे चालू असताना मी हाक मारतो ती पार भिंतीपाशी ऐकू जाती. वरडून न्हाई. खडखडाट खाली राहतो, आवाज त्याच्या वरनं काढायचा. पोटातनं. वरडणारा म्हैन्यात मुका हुतो."

रविवारी सभा होती. मामांची अट एकच: शुक्रवारपासून घोषणा बंद.

शनिवारी पाळी सुटताना मी पत्रकं वाटायला गिरणीच्या दारात उभा होतो. समोरून मोर्चा आला. गप्प कसं राहायचं? तासभर बोंबललो. आमचा एक झीलकरी, माझ्यामागे सूर धरणारा, शेजारीच मुकाट उभा होता. त्याला म्हणालो, "घाबरट आहेस तू." तो फक्त हसला.

रविवारी मामांनी मला 'आ' लावायला सांगितला. निघाली ती नुसती हवा. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातात तुणतुणं दिलं आणि म्हणाले, "मागं हुबा ऱ्हा. झील बी धरू नगंस."

माझा पोवाडा त्या घाबरटाने म्हटला. एकदाही ओरडला नाही. मैदानापलीकडच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर बायका कठड्याला टेकून ऐकत होत्या. मी लिहिलेल्या ओळीवर तिथून टाळी आली. मी तार छेडत राहिलो.

परतताना मी मामांना खरखरत्या आवाजात विचारलं, "मग घोषणा देऊच नको?"

"दे की. पर शिकून दे."

सोमवारी पुन्हा पोटावर तळहात. अंगात त्राण नव्हतं, मोर्चे रोजचेच होते. झीलकरी आधीच येऊन बसला होता. मी त्याच्या मागे बसलो.