पेठ तालुक्यातला समुद्र

"समुद्र! अहो प्रेसवाले, पेठ तालुक्यात समुद्र आणलात तुम्ही!"

बाई माझ्या दुकानाच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या. तीस वर्षं डोंगरातल्या शाळेत, एका खोलीत चार वर्ग सांभाळून कमावलेला आवाज तो. समोरच्या भांडीवाल्याच्या दुकानातली पातेली त्या आवाजानं वाजली, हे मी शपथेवर सांगतो. भांडीवाला नाही म्हणतो, पण त्याला ऐकू कमी येतं. कधीपासून, ते तुम्हीच ताडा.

बाईंच्या हातात मी काढून दिलेलं प्रूफ होतं. पेठकडच्या शाळेतल्या आठवणींचं छोटं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं. आतली पानं दुसरीकडे ऑफसेटवर छापून तयार होती. मुखपृष्ठ मात्र त्यांना माझ्या पायानं चालणाऱ्या जुन्या ट्रेडल छपाईयंत्रावर, शिशाच्या टाइपात हवं होतं. "अक्षर कागदात रुतलं पाहिजे. अंगठा फिरवला की कळलं पाहिजे," ही त्यांची अट. पुस्तकाचं नाव 'दऱ्याखोऱ्यांतले धडे'. आणि मी छापलं होतं 'दर्याखोर्यांतले धडे'.

"दर्या म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण हात आपोआप पाठीमागे गेले. "समुद्र, बाई."

"आणि दऱ्या?"

"डोंगरांच्या मधल्या... खोल जागा."

"पेठमध्ये यातलं काय आहे?"

आता खरी अडचण सांगतो. आमच्या धंद्यात टाइपाला खिळा म्हणतात. एकेक अक्षराचा एकेक खिळा, आणि प्रत्येकाला लाकडी केसमध्ये स्वतंत्र खण. 'ऱ्य'च्या डोक्यावर रफार नसतो. त्याच्या पुढ्यात बारीक भुवईसारखी एक रेघ असते, आणि ती ट्रेडलच्या दाबाखाली सगळ्यात आधी मोडते. माझ्या मोठ्या टाइपातले 'ऱ्य' कधीच मोडून संपले होते. त्या खणात सध्या दोन रबरबँड, एक सुपारीचं खांड आणि कोणाच्या तरी शर्टाची गुंडी नांदत होती. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यातले लोक अडचणीत करत आले आहेत. 'य' लावला आणि वर रफार ठेवला.

"बाई, सगळे असंच छापायचे. लोक समजून घेतात."

"मी घेत नाही."

मग त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. पुस्तक त्याच शाळेत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात निघणार होतं. ते ज्याच्या हातून निघणार, तो त्या शाळेचा आत्ताचा मुख्याध्यापक, म्हणजे बाईंचाच एकेकाळचा विद्यार्थी. चौथीत असताना त्यानं अख्खा उतारा बिनचूक लिहिला होता आणि एका ठिकाणी दऱ्याचा दर्या केला होता. बाईंनी त्याला शून्य दिलं. त्या दिवसापासून तो माणूस चुका शोधत सुटला आहे. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेन काढतो म्हणे, आणि शुभेच्छा नंतर.

"त्याच्या हातात हे देऊ मी?" बाई म्हणाल्या. "तो काही बोलणार नाही हो. फक्त बघेल माझ्याकडे. मग मी शिकवलं ते काय उरलं?"

मेळाव्याला बारा दिवस होते.

मी शब्द दिला. शब्द द्यायला मला कधीच वेळ लागत नाही. मग नाशिक पालथं घातलं, बंद पडलेल्या प्रेसवाल्यांच्या माळ्यांवर चढलो, भंगारवाल्यांची पोती उपसली. सगळीकडून एकच उत्तर: टाइप कधीच वितळवून विकला. शेवटी एका भंगारवाल्यानंच पत्ता सांगितला. निफाडकडे एक म्हातारे काका आहेत. मुंबईत टाइप ओतायच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा ओतकामाचं हातयंत्र भंगाराच्या भावात उचलून घरी आणलं. आता द्राक्षं काढतात आणि मनात आलं तर अक्षरंही.

मी फोन लावला.

"कोणतं अक्षर?" काकांनी विचारलं.

"ऱ्य. छत्तीस पॉइंट."

"किती पायजेत?"

"दोन."

"दोन किलो?"

"नाही काका, दोन खिळे."



"दोन खिळ्यांसाठी भट्टी पेटवू व्हय? मूठभर तरी घ्या. आन ह्याचा साचा माझ्याकडं नाय. पोलादावर अक्षर कोरावं लागंल, ते तांब्यात ठोकून साचा करावा लागंल, मंग ओतायचं. मापाला तुमच्याकडचा एक य धाडा, आन अक्षर कसं पायजे ते लिहून धाडा."

'य' मी कुरियरनं पाठवला. आणि इथं माझी हुशारी आडवी आली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं. छापल्यावर ते सुलटं होतं. हे मला ठाऊक आहे, याचा मला वाजवीपेक्षा जास्त अभिमान आहे. बाईंनी कागदावर 'ऱ्य' लिहून दिला, असा की तो फ्रेम करून लावावा. मी त्याचा फोटो काढला. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून मोबाइलवरच तो उलटा केला आणि पाठवून दिला. काकांनी आयुष्यभराच्या सवयीनं, आलेलं अक्षर उलटं करून कोरलं.

पाचव्या दिवशी एसटीच्या पार्सलनं पुडी आली. मी खिळा लावला, शाई फिरवली, ट्रेडलवर पाय मारला. कागदावर 'ऱ्य' उमटला तो शेजारच्या 'द'कडे पाठ करून, भांडून बसलेल्या नवऱ्यासारखा.

"काका, अक्षर उलटं आलंय!"

"तुम्ही धाडलं तसंच छापतंय का नाय?"

"तसंच छापतंय, पण..."

"मंग?"

"तुम्हाला ते उलटं दिसलं नाही?"

"उभा जन्म उलटीच अक्षरं बघतोय," काका म्हणाले. "मला वाटलं, आज पहिल्यांदा कोणी सुलटं धाडलं."

बाईंना सांगायला गेलो तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पिशवीत पाटी आणि खडू टाकला आणि म्हणाल्या, "उद्याची निफाडची पहिली गाडी किती वाजता आहे?"

काकांची शेड म्हणजे एका अंगाला द्राक्षांच्या क्रेटची चळत आणि दुसऱ्या अंगाला ते हातयंत्र. देवघरासारखं पुसलेलं. बाईंनी पाटीवर 'ऱ्य' लिहिला आणि काकांसमोर धरला. काकांनी तो बघितला, मग बाईंकडे बघितलं.

"बाई, हात चांगला हाय."

"तुमचा बघायला आलेय," बाई म्हणाल्या.

पुढचं मी कितीही फुगवून सांगितलं तरी कमीच पडेल, म्हणून एरवी फुगवतो त्याच्या निम्मंच फुगवतो. पेन्सिलीएवढ्या पोलादी कांडीच्या टोकावर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत त्या माणसानं अक्षर कोरायला घेतलं. डोळ्याला भिंग, हातात कानस. श्वास तर बहुधा तो घेतच नव्हता. पोलादाचा जो भुगा पडत होता, त्यातला एक कण मुंगीनं उचलला असता तरी तिला ओझं जाणवलं नसतं. मी दोन वेळा काही बोलायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. माझ्या बायकोला हे सांगितलं तेव्हा तिनं त्या काकांचा नंबर मागितला.

कोरून झालं की ते कांडी चिमणीच्या ज्योतीत धरायचे. टोक काजळीनं काळं झालं की कागदावर अलगद टेकवायचे. शाई नाही, दाब नाही, नुसत्या धुराचं अक्षर. पहिल्यांदा ते उमटलं तेव्हा बाईंनी चष्मा काढून पुसला आणि कागद जवळ ओढला.

"पोट जास्त झालंय."

"पोट माझं सुटलंय बाई, अक्षराचं नाय."

"दोघांचंही सुटलंय. आणि ही रेघ मधे जाड आहे. भुवई कशी, टोकाला निमुळती होत जाते."

आता हा माणूस आम्हाला क्रेटमध्ये भरून मुंबईला धाडणार, अशी माझी खात्री झाली. काकांनी कागद उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग कानस उचलली आणि एकदाच फिरवली. एकदाच. पुन्हा ज्योत, पुन्हा काजळी, पुन्हा कागद. माझ्या डोळ्यांना काही फरक दिसला नाही. बाईंना दिसला.

"आता?" काकांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून आपलं पेन काढलं आणि त्या धुराच्या अक्षराखाली बरोबरची खूण केली. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मी मागितला, तर म्हणाले, "माझ्या पेपरावर खूण मिळालीय, तुम्हाला कसा देऊ?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तोवर काकांनी कांडी तापवून, पाण्यात बुडवून कडक केली होती आणि तांब्यावर ठोकून साचा घेतला होता. भट्टीत शिसं वितळत होतं, त्यात कथील आणि अँटिमनी. वर चांदीसारखी साय. काकांनी दांडा फिरवला. यंत्रानं एक घोट गिळल्यासारखा आवाज केला, आणि खणकन एक खिळा बाहेर पडला. काही क्षणांपूर्वी जे पळीनं ढवळता येत होतं ते आता अक्षर होतं. नवं, लखलखीत, जगात कुणी कधीही न वापरलेलं अक्षर. मी हात पुढे केला आणि पोळलो. बाईंनी पदर पुढे केला, त्यात काकांनी तो खिळा टाकला. बाईंनी तो कितीतरी वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाल्या, "एवढुसं असतं होय." एवढंच. माझ्या आणि बाईंच्या ओळखीत त्या इतकं हळू कधी बोलल्या नव्हत्या.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मुखपृष्ठं छापून झाली. एकही भुवई मोडली नाही. मी पाय इतका जपून मारत होतो, जणू ट्रेडलखाली कोणी झोपलंय.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. पेठ, सुरगाण्याकडून माणसं आली होती. कोणी शेतातून, कोणी नोकरीतून सुट्टी काढून. मुख्याध्यापकांनी पुस्तकावरचा कागद सोडला. खिशाला लाल पेन होतंच. बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पण पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

मुख्याध्यापकांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोळे मिटून अंगठा त्या नावावरून फिरवला, पहिल्या 'ऱ्य'वर थांबवला, दुसऱ्यावर थांबवला. मग ते बाईंपाशी आले, वाकून पाया पडले, आणि उभे राहताना माइक हातात असल्याचं विसरून चौथीतल्या पोराच्या आवाजात म्हणाले, "बाई, असं अक्षर मी आजवर पाहिलं नाही. कुठं मिळालं हो हे?"

मी घसा खाकरला. समुद्र, रबरबँड, आरसा, धुराचं अक्षर, तांबं, शिसं, सगळं माझ्या जिभेवर रांगेत उभं होतं. अर्धा तास तरी लागला असता.

"निफाडला," बाई म्हणाल्या.