कोऱ्या रकान्यांची राखण

ध्रुवावरचा बर्फ तिनं कधी डोळ्यांनी पाहिला नाही. पण त्या बर्फात राहून आलेल्या माणसांचं अक्षर तिच्याइतकं कुणालाच लागत नसे. गारठलेल्या बोटांनी, हातमोजा न काढता, शिसपेन्सिलीनं लिहिलेलं अक्षर ते. मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारावी तसं. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसून बावीस वर्षं ती त्या वह्यांतलं तापमान, वारा, बर्फाची जाडी संगणकात उतरवत आली होती. सगळे तिला वहीताई म्हणत.

ज्या दिवशी मोजणाऱ्यानं मोजलंच नाही, त्या दिवसाचा रकाना ती कोरा ठेवी आणि शेजारी कारण लिही. ‘वादळ, दार उघडलं नाही.’ ‘मोजणारा तापानं फणफणलेला.’ ‘तापमापक बर्फात गाडला गेला.’ असे अकराशे चाळीस रकाने तिनं जिवापाड जपले होते.

मग सात संस्थांनी मिळून ध्रुवीय नोंदींचं एकच सामाईक भांडार उभारायचं ठरवलं. तळमजल्यावर कपाटाएवढाले संगणक उभे राहिले, ते तापू नयेत म्हणून पंखे घोंघावू लागले. हे सारं काम मिस्त्रीकडे होतं. खिशात सदा स्क्रूड्रायव्हर, म्हणून त्याचं नाव मिस्त्री. एकोणीस वर्षं तो तिला सख्ख्या बहिणीसारखा मानत होता आणि तशीच टिंगलही करत होता.

“ताई, एवढी घरं रिकामी ठेवलीस, भुतं राहायला येतील.”

“येऊ देत. तुझ्यापेक्षा कमी बडबडतील. पण तुझ्या भांडारात ती कोरीच राहतील ना?”

“शब्द देतो तुला. बोटसुद्धा लावणार नाही.”

नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तशी तिनं आठ दिवसांची रजा घेतली. काम अडू नये म्हणून आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मिस्त्रीच्या हातात दिला. दुसऱ्या कुणाला तिनं तो मेली तरी दिला नसता.

परतली तेव्हा उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं. तिनं भांडार उघडलं आणि तो तापाचा हिवाळा काढला. मोजणारा अंथरुणाला खिळलेला होता त्या अकराही दिवसांचं तापमान तिथं दशांशासकट हजर होतं. कारणं पुसलेली. पुढं लिहिलेलं, ‘भरले व तपासले’, आणि खाली तिचं नाव. अकराशे चाळीस ठिकाणी.

ती जिना उतरून खाली गेली.

“अगं, आलेख तुटका दिसत होता,” मिस्त्री मान वर न करता म्हणाला. “साहेब पाठीशी लागले. मागच्यापुढच्या दिवसांची सरासरी काढून भरलं. बर्फाचं काय बिघडलं त्यात?”

“माझ्या नावावर का?”

“माझं नाव घातलं असतं तर बाकीच्या सहा संस्थांनी खोदून विचारलं असतं. तुझं नाव दिसलं की कुणी तपासत नाही, ताई.”

बावीस वर्षांत तिचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं.

“पूर्वीसारखं कर.”

“आता आकड्यांवर साहेबांचा शिक्का बसलाय. उद्घाटनानंतर बघू.”

“मग माझं नाव काढा.”

‘काढा’ ऐकून त्यानं झटकन वर पाहिलं. “तू मला अहो-जाहो करतेस?”

“काढा म्हणते ना.”

“वेड्यासारखं करू नकोस. एकेका रकान्यावरून नाव निघत नाही. गेलं तर बावीस वर्षांच्या सगळ्या नोंदींवरून जाईल. हे काम तू केलंस हे कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“काढा.”

त्यानं आज्ञा लिहिली. पडद्यावर प्रश्न आला, ‘नक्की?’ त्याचा हात तिथंच अडला. तिनं त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि स्वतःच कळ दाबली. ओळीमागून ओळ तिचं नाव विझत गेलं. आकडे मात्र होते तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी एका संस्थेचं पत्र आलं, या नोंदी कुणी तपासल्या आहेत? संध्याकाळपर्यंत आणखी दोन. मिस्त्री तिन्ही पत्रं घेऊन दुसऱ्या मजल्यावर आला, तिच्या टेबलापाशी उभा राहिला.

“ताई, काय लिहू गं यांना?”

वहीताईनं नव्या वहीचं पान उलटलं, ओळीखाली बोट धरलं.

“तुम्ही भरलंत,” ती म्हणाली, “तुम्हीच लिहा.”