खोकलाईचा चेहरा

शुभे, ये अशी जवळ, आत्या कागदावरूनच कान धरतेय. खोकलाईचा फोटो मी तुला एकटीला धाडला होता, तू तो फोनवर जगाला कशाला गं दाखवलास? शेंदराचं जाड कवच गळून देवीचा कोरीव चेहरा उघडा पडला, त्याचं मला कौतुक वाटलं. चूक माझीही आहेच.

काल एक परका माणूस टेप लावून तिची उंची मोजत होता. "आजी, हा दगड हलतो का?" म्हणाला. म्हटलं, "ती नाही हलत. तूच हल इथनं!" हसत गेला मेला, पण तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नैवेद्य दाखवला, पण देवीची उंची कुणी विचारली नव्हती. उद्या ती कुणाच्या दिवाणखान्यात उभी राहिली, तर खोकणारं लेकरू कडेवर घेऊन तिच्याकडं कोण जाणार?

बायका म्हणतात, पुन्हा शेंदूर थापा, म्हणजे चोराला ती साधा धोंडा वाटेल. शेंदूर तेलात कालवून ठेवलाय, पण ते हसरे ओठ झाकायला हात धजत नाही. झाकायच्या आधी एकदा बघायला ये, बाई. लवकर ये.