आठ पोत्यांत बसलेली रायफल

परवाच्या व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे उघड्या कपाटात उभी असलेली लांब काळी पेटी तुम्हा दोघांना दिसली आणि आजीने व्हायोलिन सुरू केलं का, असं तुम्ही विचारलंत. तव्यावर पोळी करपत होती, म्हणून मी नंतर सांगते म्हणाले. तर ते व्हायोलिन नाही. ती छऱ्याची रायफल आहे, आणि ती माझी नाही.

ती ज्यांनी घेतली ते आबा आंदर मावळात भातशेती करतात. आपल्या घरात येणारा इंद्रायणी तांदूळ गेली कित्येक वर्षं त्यांच्याच शेतातला. ज्या भातावर नुसतं तूप घालून तुम्ही दोघांनी ताटं चाटून पुसली होतीत, तोच. त्यांची नात यंदा बारावीला आहे. गावाहून बस येईल तेव्हा खरी, म्हणून ती वलवणला मावशीकडे राहून इथल्या कॉलेजात जाते. कॉलेजच्या मागे एका लांबट खोलीत दहा मीटरवर कागद टांगून नेमबाजी शिकवतात. ही एकदा सहज बघायला म्हणून गेली आणि तिथलीच झाली.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती. कॉलेजकडे रायफली दोन आणि मुली पाच. ज्यांना चाचणीला जायचंय त्यांनी आपापली रायफल आणावी, असं तिच्या सरांनी सांगितलं. बारावी संपली की कॉलेजही संपलं, म्हणजे तिला हे एकच वर्ष होतं.

गणपती झाल्यावर एका दुपारी आबा तिला घेऊन माझ्याकडे आले. हातात माहितीपत्रकांचा गठ्ठा. माझ्याकडेच का, तर मी इंग्रजी वाचते, आणि कॉलेजात असताना मी कवायतीच्या तुकडीत होते हे मी त्यांना कधीतरी फुशारकीने सांगितलं होतं. तेव्हा आम्हाला वर्षातून एकदा पॉइंट टू-टू रायफलच्या पाच गोळ्या मिळायच्या. माझ्या पाचांपैकी दोन शेजारणीच्या कागदावर सापडल्या होत्या, हे मात्र मी सांगितलेलं नव्हतं.

"बाई, समदं इंग्रजीत हाय," आबा म्हणाले. "तुमी वाचा आन एक सांगा. आठ पोती तांदळात बसली पायजे. आन येकदाच घेनार. चुकली तर दुसरी न्हाई."

मुलगी माहितीपत्रकाच्या कोपऱ्याची सुरनळी करत राहिली.

मला ओळखता ना तुम्ही? मी त्याच संध्याकाळी वही काढली आणि रकाने आखले: वजन, लांबी, चाप, नेम धरायची सोय, किंमत पोत्यांत. पॉइंट टू-टूला परवाना लागतो आणि तिची किंमत बघता आबांना शेतच विकावं लागलं असतं, तेव्हा ती पहिल्याच पानावर बाद झाली. राहिल्या छऱ्याच्या. त्यातल्या साध्या ताकदीच्या रायफलला परवाना लागत नाही, ओळखपत्र दाखवलं की झालं. मुलीच्या गटात दुर्बीण चालत नव्हती. नळीच्या टोकाचा काटा आणि मागची खाच, एवढ्यावरच नेम. दुर्बिणीचे पैसे वाचले म्हणून मला फार बरं वाटलं.

पुण्याच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार माझ्याहून थोडा लहान, चष्मा कपाळावर चढवलेला, बोलायला शांत. त्याने आधी एक काळी चकचकीत रायफल पुढे केली. छर्रा किती वेगाने जातो ते तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलं होतं. आबांना ती आवडली. मी म्हटलं, वेग काय करायचाय, कागद पळून थोडाच जाणार आहे. आबांनी ती हळूच परत ठेवली.

शेवटी दोन उरल्या. एक हलकी, प्लास्टिकच्या दस्त्याची, सहा पोत्यांची. दुसरी लाकडी दस्त्याची, जड, साडेसात पोत्यांची. दुकानामागच्या बोळात कागद लावून बघायची सोय होती. मी सांगितलं, दोन्हींतून पाच-पाच छर्रे, आणि हात हलायला नको म्हणून रायफल कशावर तरी घट्ट टेकवून. आबांनी सरांना द्यायला पाच किलो तांदूळ आणला होता. ती पिशवी टेबलावर ठेवली, तिच्यावर रायफल रोवली आणि मी स्वतः दस्ता खांद्याला आवळून चाप ओढला.

कागदावर गोवर आल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या रायफलचंही तेच. आबांनी दोन्ही कागद उजेडाला धरले. "आमच्या भाताच्या चाळनीला येवढीच भोकं हायेत," ते म्हणाले.

दुकानदार हसला नाही, हे त्याचं मोठेपण. हिच्या आत जाड स्प्रिंग असते, चाप ओढला की ती आतल्या आत उडी मारते, असं तो समजावू लागला. घट्ट धरली किंवा कशावर रोवली की ती उडी नळीला दर वेळी वेगळीकडे ढकलते. तिला सैल धरायची, जायचं तिकडे जाऊ द्यायची. मग त्याने रायफल मुलीच्या हातात दिली. ती उभी राहिली, डावा तळहात उघडा ठेवून त्यावर रायफल नुसती ठेवली, तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात द्यावा तशी. हलकीतून पाच छर्रे, आणि जरा थांबून जडमधून पाच. हलकीची भोकं जुन्या रुपयात मावतील इतपत होती. जडची चार आण्याच्या नाण्याखाली झाकली जातील इतकीच.

माझ्या वहीतले रकाने मी बंद केले, जडच घ्यायची ठरली. मात्र एका गोष्टीत माझं ऐकलं गेलं. मी तीन वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघायला लावले, आणि चपट्या डोक्याच्या छऱ्यांची भोकं आणखी जवळजवळ पडली. पेटी, चकचकीत पट्टा यातलं काही घेतलं नाही. उरलेल्या अर्ध्या पोत्याचे त्याच छऱ्यांचे डबे घेतले. परवा तुम्हाला दिसली ती पेटी पुठ्ठ्यावर आपल्याच जुन्या पडद्याचं कापड शिवून केलेली आहे, काळी रंगवून.

रायफलबरोबरच्या पत्रकातले नियम मी आबांसाठी मराठीत सुवाच्य लिहून दिले. अकरा कलमं. भरलेली ठेवू नये, रिकामी उडवू नये, कुणाकडे रोखू नये, वगैरे. सातवं कलम होतं, "अधूनमधून तेलाचा थेंब द्यावा." कुठे द्यावा हे मी लिहिलं नाही. नळी जिथे वाकते त्या सांध्याला द्यायचं, हे मला इतकं स्पष्ट वाटलं होतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मुलगी रायफल घेऊन गावाला गेली. खंडेनवमीला तिकडे घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून मांडतात. कोयते, खुरपी, कुऱ्हाड, आता भात मळायचं यंत्रसुद्धा. सगळ्यांना तेलाचा हात, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या ओळीत रायफलही बसली. आबांनी कागद बघितला, तेल द्यावे असं बाईंनीच लिहिलंय, पण थेंब म्हणजे अगदीच कंजुषी. त्यांनी नळी खाली वाकवली, नळीत शेंगदाण्याचं तेल सोडलं आणि मागे जे हवेचं भोक असतं त्यातही सोडलं. यंत्राला आतून तेल लागतं, हे त्यांना मळणीच्या यंत्राने शिकवलेलं.

मंगळवारी कॉलेजात तिने पहिला छर्रा मारला तेव्हा फटाक्यासारखा आवाज झाला आणि नळीतून धूर निघाला. छर्रा कागदाच्या वर चार बोटं. खोलीभर भजी तळल्याचा वास. सरांनी तिला थांबवलं. चाचणीला चार दिवस राहिले होते.

संध्याकाळी आजोबा-नात दोघं माझ्या दारात. मुलगी रडलेली दिसत होती. आबा ओट्यावर बसले, पाणी दिलं तर घेतलं नाही.

"बिगाडली का, बाई?"

मी माझं अकरा कलमांचं पान मागून घेतलं, सातवं कलम वाचलं आणि चूक कुणाची ते मला कळलं. तसं मी त्यांना सांगितलं. "तुमी लिवलं न्हाई, आमी इचारलं न्हाई," एवढंच ते म्हणाले आणि मग पाणी प्यायले.

दुकानदाराला फोन केला. आत दाबली गेलेली हवा तापते आणि तेल पेटतं, तो म्हणाला. स्प्रिंगला ते चांगलं नाही, पण एकदाच झालंय. खोलू नका. कोरड्या फडक्याने नळी पुसा आणि तेल जळून संपेपर्यंत छर्रे मारत राहा. संपलं की आपोआप ठिकाणावर येईल. आलीच नाही तर काय, हे मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मागच्या अंगणात भिंतीला लाकडी खोकं लावलं, त्यात वाळू भरली, वर कागद. मुलगी मारत होती, आबा कागद बदलत होते, मी वहीत रेघा ओढत होते. रायफल भरलेली असताना आबा नळीच्या मागे उभे, हे तिसऱ्या कलमामुळे. पहिले वीस छर्रे धुराचे. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारून गेल्या, आज काय तळताय म्हणून. चाळीसच्या पुढे आवाज बसला. सत्तरच्या आसपास धूर दिसेनासा झाला, पण भोकं अजून वरखाली. एक डबा संपला, दुसरा उघडला. अर्ध्या पोत्याचे छर्रे घेतले होते म्हणून बरं, हे मी दोनदा म्हणाले, तेव्हा आबांनी मान डोलावली, नुसती तोंडदेखली.

शतक ओलांडल्यावर ती थांबली, पाणी प्यायली, हात झटकले. मग पाच छर्रे मारले. आबा कागदाजवळ गेले आणि तिथेच उभे राहिले. मुलीने विचारलं, "आबा, कुटं लागलेत?"

आबांनी खिशातून नाणं काढून कागदावर ठेवलं. आता चार आणे चालत नाहीत, म्हणून रुपया. "दिसंनात," ते म्हणाले.

शनिवारी ती निवडलेल्यांच्या यादीत शेवटून दुसरी होती. शेवटून दुसरी म्हणजे यादीत, हे तिने मला फोनवर तीनदा सांगितलं.

त्यानंतर आबांनीच रायफल माझ्याकडे आणून ठेवली. मुलगी सरावाला जाताना घेऊन जाते, येताना परत ठेवते, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. "पूजा करायला मी हितं येईन," आबा म्हणाले, "पन तेलाची बाटली तुमी लपवून ठिवा." सातव्या कलमापुढे मी लाल शाईने तीन ओळी वाढवल्या आहेत, आणि पेटीच्या तळाशी झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली आहे ती मी काढलेली नाही.