रतन खरातचा वाढवलेला वेग

रतन खरात बसून चहा पीत नाही. भांडुपच्या घरात ओट्याशी उभ्याउभ्याच कप रिकामा करतो आणि दुसऱ्या हाताने फोन चाळत असतो. वय त्रेचाळीस, नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीची, मुलुंडमधले बरेच टॉवर त्याच्याकडे. कामात मात्र भयंकर कडक. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा चढला, तर तो सोसायटीचा सेक्रेटरी असला तरी रतन त्याला बाहेर काढणार. घरच्या कॉम्प्युटरशी वागताना हाच माणूस सगळे नियम गुंडाळून ठेवायचा.

तो कॉम्प्युटर त्याने स्वतः जोडलेला. प्रोसेसर आणि मेमरी कंपनीने आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायची, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, आणि रतनला त्याचा नाद लागला होता. जानेवारीत त्याने वेग आणखी चढवला, वीस मिनिटं चाचणी चालवली, मशीन टिकलं. "झकास," म्हणाला आणि विषय संपवला. जानेवारीतलं गार भांडुप वेगळं आणि मेमधलं तापलेलं वेगळं, एवढं साधं त्याच्या डोक्यात आलं नाही.

त्याच महिन्यात आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. शकुबाई लग्न होऊन जालन्याकडून भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत आलेल्या. कुणाचं बारसं असलं की पाळणा म्हणायला पार कांजूरमार्गच्या बुद्धविहारातल्या बायकाही त्यांना बोलवायच्या. ओव्या तर त्या स्वतःच जुळवायच्या, लिहून कधीच ठेवल्या नाहीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जीव वाचेल, आवाज जाईल. रतनने आठ दिवसांत आईची तेवीस गाणी फोनवर भरून घेतली, कॉम्प्युटरवर उतरवली आणि जागा हवी म्हणून फोनमधली पुसून टाकली.

ऑपरेशन झालं, आवाज गेला. नंतर त्याला त्या गाण्यांतला पंखा खुपायला लागला. कुकरची शिट्टी खुपायला लागली. फेब्रुवारीपासून रोज कामावरून आला की तो एकेक गाणं साफ करायला बसे, जुन्यावरच नवं साठवे आणि शेवटी सगळं बाहेरच्या डिस्कवर चढवून ठेवी. बॅकअप घेतल्याशिवाय हा माणूस जेवत नसे. तिथेही कालची प्रत पुसून आजची ठेवायची, ही त्याची शिस्त.

मे उजाडला आणि मशीन वेड्यासारखं वागू लागलं. मध्येच निळा पडदा, मध्येच आपोआप बंद. एक गाणं उघडेना, दुसऱ्यात खरखर. रतनने आधी डिस्कला शिव्या दिल्या, मग विजेला. विंडोज नव्याने टाकलं, केबल बदलल्या, डबा उघडून ब्रशने धूळ काढली, यूपीएस बदलला. एका शनिवारी त्याने एकच फाइल तीनदा उतरवून पाहिली. तिन्ही प्रती एकमेकींशी जुळेनात.

"वाट लागली यार," तो दारातूनच बायकोला म्हणाला. "काहीच धड राहत नाहीये."

दर्शना कपडे वाळत घालत होती. "ते वेग वाढवलेलं आहे, ते काढून बघितलंस का?"

"त्याचा काय संबंध? टेस्ट केलीय मी."

"कधी?"

"जानेवारीत," रतन पुटपुटला.

"लिफ्टमध्ये नववा माणूस चढू देत नाहीस ना? मग इथे कशाला चढवून ठेवलायस?"

त्याला राग आला, कारण ती बरोबर होती. तो आत गेला आणि मेमरीची तपासणी लावली. दहा मिनिटांत पडदा लाल ओळींनी भरला. मग वेग कंपनीच्या आकड्यावर आणला आणि तीच तपासणी पुन्हा लावली. पाच तासांत एकही चूक नाही. मशीन बरं झालं होतं. क्षणभर त्याला आनंदही झाला, मग त्याने गाणी एकेक उघडून पाहिली. वाढवलेल्या वेगात जे चुकीचं लिहून झालं, ते चुकीचंच राहणार होतं. बाहेरच्या डिस्कवरही तेच, रोज नेमाने त्यानेच चढवलेलं. तेवीसपैकी चौदा गाणी धड होती. चार उघडतच नव्हती, पाच मध्येच तुटत होती.

आईला सांगायला त्याला चार दिवस लागले. रविवारी सकाळी त्याने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि स्वतः मागे येरझाऱ्या घालत राहिला.

"आई, माझ्यामुळं झालं. तुझी नऊ गाणी बिघडवली मी."

शकुबाईंनी वळून पाहिलं नाही. हाताने खूण केली, लाव. त्याने तुटलेल्यांपैकी एक लावलं.

*टेकडी भांडुपाची, वाट गं चढणीची,*
*घाई माझ्या रतनाची…*

पुढे नुसती खरखर. रतन जागच्या जागी थबकला. ही ओवी त्याने स्वतः भरली होती, स्वतः साफ केली होती. पण त्याने ऐकला होता तो फक्त पंखा. आपलं नाव त्यात आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

"पुढे काय आहे, आई?"

शकुबाईंचे ओठ हलले. त्याला काही कळेना. चार महिने सासूच्या ओठांवरचं वाचून दर्शनाला सवय झाली होती. ती हळूच म्हणाली, "'थांब रं बाळा' म्हणतायत."

रतनला रडू फुटलं. ते दिसू नये म्हणून तो बाहेर निघाला, तर आईने मनगट धरून त्याला खाली बसवलं आणि त्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तू म्हण.

त्याने म्हटलं. चाल पार चुकली. शकुबाईंनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली आणि बोटांनी ठेका धरला. या ओवीतला आईचा आवाज आता कुठल्याच डिस्कवरून परत येणार नव्हता. पण चाल अजून तिच्या बोटांत होती, आणि आई आहे तोवरच शिकता येणार होती. त्याने पुन्हा म्हटलं. पाचव्यांदाही तिने मान हलवली, नाही. रतनने मांडी घातली आणि पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.