तारेची पोच

मंगरूळपीरच्या त्या तारबाबूचं नाव मी विचारलं नाही. वडील अखेरच्या घटका मोजत होते अन् नागपूरच्या धाकट्या भावाला तार करायची होती. बाबूनं कळ टकटकवली. पलीकडून मिळाल्याची पोच वाजलीच नाही. त्यानं तारा हलवल्या, कळ पुसली, पुन्हा टकटकवली. तरी शांतता.

“पोचली का हो?”

“गेली.”

“मंग पोच कुठी हाय?”

“काहून कावून राह्यले भाऊ? गेली म्हनलं ना!” अन् तो काडीनं कान कोरत बसला.

वैतागून मी स्वतःच नागपूरची एसटी धरली. भावाच्या खोलीला कुलूप! बाबूचं यंत्र पाठवत होतं, फक्त ऐकत नव्हतं. तार मिळताच भाऊ घरी निघाला होता. वडिलांच्या तोंडात शेवटचं पाणी त्यानंच घातलं; मी तेव्हा परतीच्या एसटीतच होतो.

खरं सांगतो, तो बाबू खोटं बोलला असता, तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.