तुमचे देव किती?

वडिलांनी नोकरीसाठी किनवटकडचे गाव सोडून लातूर गाठले आणि आमच्या घरातली गोंडी थांबली. मी मराठीत शिकले, लग्नानंतर नांदेडला आले, मराठीतच शिकवू लागले. त्यामुळे गोंड घरांतल्या वयात येणाऱ्या मुलींसाठी शहरात रविवारचा वर्ग निघाला, तेव्हा लेकीला मीच हौसेने नेले. प्रत्येक मुलीने एका बाईपाशी बसून तिच्याकडून भाषा, गाणी, नाच, नातीगोती शिकायची, अशी तिथली पद्धत. लेकीने माझ्या धाकट्या जावेला निवडले.

ते रास्तच होते. मी स्वतःच नवशिकी. तरीही त्या दोघी गोंडीत खिदळू लागल्या की एक शब्दही न कळता मी भिंतीशी हसरा चेहरा करून बसे. जावेच्या आवाजाचा, हातावरच्या गोंदणाचा, लेकीच्या केसांतून सहज फिरणाऱ्या तिच्या बोटांचाही मला हेवा वाटे.

वर्गातल्या मुली जिथे नाचणार होत्या तो मेळावा जवळ आला. नाचाच्या फेरात मुलीचा हात धरणारी बाई तिच्याच घराच्या देवांतली हवी, असे वर्ग घेणाऱ्या आजींनी सांगितले. आमच्यात प्रत्येक घराणे ठरावीक संख्येच्या देवांचे असते; सारख्या संख्येची घराणी भाऊबंद, सोयरीक वेगळ्या संख्येच्या घराण्याशीच होते, आणि लग्नानंतर बाई सासरच्या देवांत जाते. आजींनी विचारले, "तुमचे देव किती गं?"

एरवी तोंड न उघडणारी मी, जावेच्या आधी बोलता यावे म्हणून घाईने म्हणाले, "सात."

ते माझ्या माहेरचे. सासरचे सहा.

"अगं बया! मंग तू पोरीची आई कशाची? इहीणच झालीस की!"

"ताई, इहीणबाईला बसायला पाट देऊ का?" जाऊ मला चिडवत म्हणाली. सगळ्या हसल्या. लेकही हसली, आणि तेच मला लागले.

"सहाच. चुकून बोलले मी," मी पुटपुटले.

"हाव, हाव, तूबी चालतीस. पोरीलाच इचारू."

लेकीने माझ्याकडे न बघता जावेकडे बघितले. "काकूच राहू दे. आई, तू आमचे फोटो काढ ना."

मी मान हलवली.

पुढच्या रविवारी मी भिंतीपासून उठले आणि जावेसमोर, शिकणाऱ्या मुलींच्या ओळीत जाऊन बसले. लेकीने अंग चोरून मला जागा करून दिली. काकूच्या बाजूची मात्र तिने सोडली नाही.